उत्तर आधी

शब्दाचे उत्तरदायित्व तो उच्चारणाऱ्याकडे असते, ही गोष्ट जुन्या लोकांना वेगळी सांगावी लागत नसे. कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच छपराखाली बसलेले असत, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर शंकेची आठी उमटली की बोलणारा तिथेच थांबून तिचे निरसन करीत असे. आता बोलणारा एका गावी असतो आणि ऐकणारा दुसऱ्या गावी, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमध्ये, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभा. दोघांच्या मध्ये जे यंत्र आहे ते शब्द पोहोचवते, परंतु सगळे पोहोचवण्याची हमी घेत नाही. मग अर्ध्यावर तुटलेले वाक्य कोणाचे म्हणावे? लिहिणाऱ्याचे, की जिथे ते तुटले त्या जागेचे? या प्रश्नातून निसटायला वाटा पुष्कळ आहेत. वासंतीबाईंनी त्यांपैकी एकही धरली नाही, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

त्या सकाळी बुलढाण्याच्या त्यांच्या घरात स्वयंपाकाला येणारी कोकिळा पोळ्या लाटत होती. एरवी तिचे लाटणे आणि तिची जीभ एकाच वेगाने चालत. आज नुसते लाटणे चालले होते. बाई देवापुढचे निरांजन उजळून स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि सहज म्हणाल्या, "आज गप्पशी का गं?" कोकिळेने तव्यावरची पोळी उलटली, फुगू दिली, उतरवली, आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "माह्या भावाले दवाखान्यात आनलं, बाई. तुळशीरामले. काल दुसऱ्याच्या वावरात फवारून राह्यला होता. उलट्या झाल्या, घामानं न्हाऊन निंगाला, आन डोये गेले." बाईंचा हात चौकटीवर गेला. "गेले म्हणजे?" "म्हंजे दिसत नाई. डाक्टर म्हंतात येईन नजर, जीवाचं आता भेव नाई. पन दोन औषधं एकाच पंपात कालवलीच काऊन म्हनून मले इचारत होते." मग ती जरा थांबली, आणि जे मनात धरून ती घरून निघाली होती ते तिने पोळीवर तूप सोडावे तितक्या हलक्या हाताने सोडले. "मोबाइलवर आलं होतं म्हने. तुमचं नाव होतं खाली. म्या म्हनलं, आमच्या बाई असं सांगनारच नाई. तं भावजयीनं मले फोनच दाखवला."

वासंतीबाईंना आधी राग आला, आणि तो कोकिळेचा नव्हता, आपल्या नावाने कोणी खोटे पसरवले याचा होता. तो राग कोकिळेने आपला फोन पुढे करीपर्यंतच टिकला. तिच्या गावच्या गटातून तिलाही तो निरोप आला होता. त्यावर 'दोन औषधांचे मिश्रण : एक विचार' असा मथळा होता. खाली तीन ओळी होत्या: दोन औषधे एकाच पंपात मिसळून फवारली असता श्रम वाचतात, वेळ वाचतो आणि अळी लवकर आटोक्यात येते. मग तीन टिंबे, निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा', आणि खाली त्यांचे नाव, निवृत्त संस्कृत अध्यापिका, बुलढाणा. वाक्य त्यांचेच होते. स्वल्पविरामदेखील त्यांचाच होता. फक्त ते वाक्य मूळ लेखात तिथे संपत नव्हते. त्याच्या पुढे 'असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे प्रथम आदराने ऐकून घेऊ' असे होते, आणि ऐकून घेतल्यावर पुढच्या नऊ परिच्छेदांत त्या म्हणण्याचे एकेक करून खंडन होते, आणि अगदी शेवटी, देवळाच्या कळसासारखे, निःसंदिग्ध वाक्य होते: म्हणून दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत. कळस कोणी पाहिलाच नव्हता. पायरीवरूनच लोक परतले होते, आणि पायरीवर नेमके उलटे कोरलेले होते.

हे त्यांनी आपल्या मनाने केले नव्हते. तशीच त्यांची घडण होती. दुसरबीडला, जालन्याकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला, आप्पा म्हणजे त्यांचे वडील दुपारी ओसरीवर शास्त्र शिकवायचे. आधी पूर्वपक्ष मांडावा. जो आपल्या विरुद्ध आहे त्याचे म्हणणे त्याने स्वतः मांडले असते त्याहूनही बळकट करून मांडावे, त्याला वाटले पाहिजे की हा माझ्याच बाजूचा. मग त्यातील एकेक खांब काढीत जावे, आणि छप्पर आपोआप खाली आले की त्या मोकळ्या जागेवर सिद्धान्त उभा करावा. दुबळा पूर्वपक्ष मांडून जिंकणे म्हणजे हात बांधलेल्याशी कुस्ती, असे आप्पा म्हणत. वासंतीबाईंनी पुढे शाळेत तीस-बत्तीस वर्षे संस्कृत शिकवले ते याच चालीने, आणि निवृत्तीनंतर त्यांची जुनी विद्यार्थिनी मलिहा दारात येऊन "बाई, मले लिहून देता का?" म्हणाली तेव्हाही याच चालीने लिहू लागल्या. मलिहाचे वडील जाकीरभाई धामणगाव बढ्याला कापसाचा व्यापार करीत. मुलगी शेतीशास्त्र शिकून आली आणि तिने बुलढाण्यात एका खोलीत 'पऱ्हाटी' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. माहिती मलिहाची आणि भाषा बाईंची, असा करार होता. तेव्हा गंमत वाटली होती. ज्या वाणाला बोंडअळी लागत नाही या भरवशावर सगळा जिल्हा पांढरा झाला होता, त्याच वाणाच्या बोंडांत यंदा गुलाबी अळी शिरली. वरून बोंड हिरवे, टपोरे, आणि फोडले की आत सरकीला लागलेली कीड. लोक घाबरले आणि हाती येईल ते फवारू लागले. म्हणूनच तो लेख घाईने लिहिला होता. घाईने, तरीही सुबक. त्यांना आठवले, लेख पुरा झाल्यावर त्यांनी तो एकदा मोठ्याने वाचला होता आणि त्यातील लय ऐकून त्या स्वतःशीच समाधानाने हसल्या होत्या. ते हसू आता ओठांवर वाळलेल्या पिठासारखे ताठरले. बाहेर आकाश स्वच्छ होत चालले होते. उघडीप मिळाली की परवापर्यंत सगळी वावरे फवारायला निघतील, हे बुलढाण्यातल्या शेत नसलेल्या माणसालाही कळत होते. आणि त्या तीन ओळी अजून फोनाफोनांतून फिरत होत्या.

चहा न घेता त्या मलिहाच्या खोलीवर गेल्या. जाकीरभाई तिथेच होते, तहसिलीच्या कामाला आले होते, आणि मलिहा रडून उठल्यासारखी लाल होती. "बाई, म्या लेख काढून टाकला," ती दार उघडताच म्हणाली. "सायटीवर आता काईच नाई." बाई खुर्चीत बसल्या. "तुझ्या घरातला दिवा विझवलास. गावात जे पेटलंय ते विझलं का?" मलिहा संगणकापुढे बसली. "जे निघून गेलं ते परत बोलावता येत नाही. त्याच्या पुढे जाऊन उभं राहावं लागेल. आजच. लिहायला घे." त्यांनी तिथेच मजकूर सांगायला सुरुवात केली: मागील लेखातील विवेचनाचा काही भाग अपूर्ण स्वरूपात प्रसृत झाल्यामुळे काही वाचकांचा गैरसमज... जाकीरभाईंनी पानदान मिटले. "माफ करा, बाई, मी अडाणी मानूस. पन तुमचा लेख म्हंजे लग्नाची पंगत हाय. मीठ वाढलं, लिंबू वाढलं, चटणी वाढली, श्लोक झाला. वरनभात येईस्तोवर आमच्याकडचा मानूस उठून वावरात गेला. पयले वरनभात वाढा न हो!" "अब्बा!" मलिहा ओरडली. "अब्बा कायले? खोटं बोललो का?" बाईंना हसू आले नाही, पण राग आला नाही याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले. त्यांनी मलिहाला तो मजकूर फोनवर घ्यायला सांगितला, आणि पडद्यावर जेवढे दिसते तेवढेच वाचायला सांगितले. तिने वाचले. दिसले त्यात 'मागील लेख' होता, 'प्रसृत' होता, 'गैरसमज' होता. काय करू नये ते नव्हते. "पूस," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी त्यांनी एकच वाक्य सांगितले: दोन औषधे एकत्र करू नका. हे वाक्य उच्चारताना त्यांना अवघडल्यासारखे झाले. कारणावाचून दिलेली आज्ञा त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नव्हती, वर्गातल्या उनाड मुलालाही नाही. नैवेद्य दाखवण्याआधीच जेवायला बसावे तसा काहीसा अधर्म त्यात होता. पलीकडे बसलेल्या माणसाचे म्हणणे न ऐकताच त्याला गप्प कसे करायचे? हा तर बाजारातला आवाज झाला. औषधांच्या जाहिराती अशाच ओरडतात. त्या तशाच फोन हाती घेऊन दवाखान्याकडे निघाल्या. ज्याच्यासाठी लिहिले त्याला ऐकवल्यावाचून आता काही पाठवायचे नाही, एवढे त्यांनी मनाशी घट्ट केले होते. मलिहा मागोमाग आली.

तुळशीराम खाटेवर डोळे मिटून पडला होता. शेजारी त्याची बायको पुष्पाबाई पदराने वारा घालत होती. बाई काय बोलणार होत्या ते त्यांनी रस्त्याने तीनदा जुळवले होते, समोर उभे राहिल्यावर एवढेच बोलल्या, "तुळशीराम, ते मी लिहिलं होतं. पुढचं तुमच्यापर्यंत आलं नाही, कारण ते मी पुढे ठेवलं. माझ्या हातून चुकलं." तुळशीरामने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "कोकिळेच्या बाई काय? बसा न. पुष्पे, खुर्ची दे." खुर्ची नव्हतीच, पुष्पाबाई खाटेच्या कडेवरून उठली. बाईंनी तिला बसायला लावून स्वतः उभ्याने ते नवे वाक्य वाचून दाखवले. पुष्पाबाईने ऐकले, मान हलवली, आणि मग विचारले, "बरं. मंग अयीचं काय करा?" मलिहा बाईंकडे पाहू लागली. "म्हंजे बाई, नोका करू म्हनलं तं नाई करनार. पन अयी तं बोंड खाऊनच राह्यली न? शेजारी दोन कालवून फवारते, आन आमी काय हात जोडून उभं राहा?" तुळशीराम मिटल्या डोळ्यांनी हसला. "अयीले मोबाइल दाखव, म्हनावं बाईनं मनाई केली तुले." पुष्पाबाई त्याला म्हणाली, "गप ऱ्हा. काल मरून राह्यला होता, आज मस्करी सुचते."

वऱ्हांड्यातल्या बाकावर वासंतीबाई येऊन बसल्या. फिनेलचा वास, कोणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास. खाली फाटकाशी एक ट्रक येऊन उभा राहिला आणि त्याच्या ब्रेकची हवा सुटली, फस्स. त्या आवाजाने त्यांच्या आत कुठेतरी एक दार उघडले. दुसरबीड. सडकेपलीकडे टायरचे दुकान. हबीब. तिशीतला माणूस, कोपरापर्यंत काळे हात, आणि न्यायशास्त्र शिकायचा हट्ट. माणसे वाद कसे घालतात ते मला कळून घ्यायचंय, असे म्हणून तो आप्पांकडे आला होता. तो ओसरीच्या कडेवर, सडकेकडे कान ठेवून बसे. ट्रक थांबला, हवा सुटली, की त्याला उठून पळावे लागे, मग चर्चा कुठेही असो. आणि एकदा असे झाले की आप्पांनी पूर्वपक्ष रंगात आणला होता, जग हे कोणी केलेलेच नाही, आपोआपच झाले, असा, आणि नेमका ट्रक आला. हबीब गेला तो चार दिवस फिरकला नाही. टायरांचाच हंगाम होता. आला तेव्हा चेहरा उतरलेला. "पंडितजी, तुमी असं कसं म्हनले? मला झोप नाई." आप्पा आधी पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. छोट्या वासंतीने पाहिलेले ते गंभीर होणे आता, या बाकावर, त्यांना जसेच्या तसे दिसले: चष्मा काढून पंच्याने पुसणे, सडकेकडे पाहणे. त्यानंतर हबीब आला की आप्पा पाठाची सुरुवातच फिरवीत. "तुला ट्रक आला की उठावं लागतं. म्हणून उत्तर आधी घे, ते घेऊन जा. कारणं मी इथं ठेवतो, परत आलास की ती घे." वासंतीला तेव्हा ते आवडले नव्हते. शास्त्राला ठिगळ लावल्यासारखे वाटले होते. आपल्याला पूर्ण वस्त्र, आणि त्याला तुकडा, असा त्यात थोडा गर्वही होता. आणि इतकी वर्षे त्या पूर्ण वस्त्रच विणत राहिल्या. ग्रंथ सुरू करण्याआधी तो कोणासाठी आहे, त्याचा अधिकारी कोण, हे ठरवावे लागते, ही तर पहिली पायरी होती. ती पोरींना त्यांनी शेकडो वेळा पाठ करून घेतली होती आणि अधिकारी म्हणजे योग्यता असलेला मनुष्य असे सांगितले होते. आप्पांनी त्या शब्दात आणखी एक गोष्ट पाहिली होती: त्या मनुष्याला किती वेळ बसता येते. ओसरीवरचा शिष्य सिद्धान्त येईपर्यंत उठत नसे, म्हणून पूर्वपक्ष आधी ठेवणे हा न्याय होता. ज्याला कधीही उठावे लागेल त्याच्या हाती पूर्वपक्ष देऊन ठेवणे हा न्याय नव्हे. क्रम शास्त्राचा नव्हता. क्रम ऐकणाऱ्याचा होता.

त्या उठल्या. वयाला न शोभणाऱ्या वेगाने उठल्या, म्हणून मलिहाने हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. "लिही," त्या म्हणाल्या, "आणि आजपासून पऱ्हाटीवर जे जाईल ते असंच जाईल, म्हणून नीट ध्यानात ठेव. उत्तर पहिल्या ओळीत. ती ओळ एकटी रानात सापडली तरी खरी असली पाहिजे. दुसऱ्या ओळीत, हे नको तर मग काय. विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडायचं, ते मी सोडणार नाही. पण ज्या वाक्यात ते येईल त्याच वाक्यात त्याचं उत्तर. कुठंही तोडलं तरी उलटं वाचता येता कामा नये." मलिहा म्हणाली, "म्हंजे बाई, गांडुळासारखं? लोक म्हंतात, कुठूनबी तोडा, जितंच राह्यते." "हो," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या, "शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे तेही."

मग दोघी पुन्हा पुष्पाबाईपाशी गेल्या. मलिहाने माहिती सांगितली, बाईंनी ती वाक्यात बसवली, पुष्पाबाईने ऐकली. आणि ऐकल्यावर बाई तिला 'समजलं का' असे विचारीत नव्हत्या. त्या प्रश्नाला जगातला प्रत्येक भिडस्त माणूस हो म्हणतो, हे त्यांना वर्गातून ठाऊक होते. त्या विचारीत, "तर मग उद्या वावरात गेल्यावर तुम्ही आधी काय कराल?" पुष्पाबाई सांगे. तिच्या सांगण्यात जे गळे ते वाक्य बाई पुन्हा बांधीत. 'प्रादुर्भाव' गळला. 'नियंत्रण' गळले. 'संरक्षक साधने' गळून 'नाका-तोंडाला फडकं, अंगभर कपडे' आले. वाऱ्याकडे पाठ करून फवारायचे, हे पुष्पाबाईने न चुकता सांगितले, म्हणून ते जसेच्या तसे राहिले. आपले एकेक सुबक पद असे खाली पडताना पाहणे त्यांना सोपे गेले नाही. एका 'यथाशक्य'पाशी त्या अडल्या, तो शब्द आप्पांचा होता. पण अडल्या आणि पुढे गेल्या. शेवटी राहिले ते असे: एका पंपात एकच औषध. मिटलेली गुलाबासारखी फुलं दिसली तर तोडून जाळा, आत अळी असते. कोणतं औषध आणि किती, ते कृषी सहायकाला विचारूनच फवारा. फवारताना नाका-तोंडाला फडकं, अंगभर कपडे, आणि वाऱ्याकडे पाठ. दोन मिसळली तर काम लवकर होतं असं वाटतं, पण माणूस आधी पडतो.

"खाली लिहा," खाटेवरून तुळशीराम म्हणाला, "का तुळशीराम पडला. माह्यं नाव टाका. कोनीतरी पडला म्हनलं तं लोकाईले वाटते, असंच कायतरी." मलिहाने बाईंकडे पाहिले. "चालेल तुम्हाला?" बाईंनी विचारले. "गावभर होईल." "गावभर झालंच हाय. फक्त फोटो नोका टाकू. सासरवाडीचे पाह्यतीन." पुष्पाबाई पदरात तोंड घालून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने ते चटकन पुसले नाहीत. त्याला दिसत नव्हते, म्हणून पुसायची घाई नव्हती. वासंतीबाईंनी त्या खाली आणखी एक ओळ घालायला लावली: वासंती यांच्या नावाने फिरणाऱ्या तीन ओळी मानू नका, त्या वासंती यांच्याच असल्या तरी. मलिहा म्हणाली, "बाई, हे नसतं तरी चाललं असतं." "तुला चाललं असतं," बाई म्हणाल्या. "आता हेच तू बोलून पाठव, तुझ्या आवाजात, तुझ्या बोलीत. माझ्या आवाजात ते प्रवचन होईल." मलिहा जिन्यात जाऊन बोलली. ट्रकचा आवाज मधे आला म्हणून पुन्हा बोलली. मग जाकीरभाईंनी, आणि कोकिळेने, आणि पुष्पाबाईने आपापल्या गावांच्या गटांत ते सोडले.

दुसरा दिवस उघडा निघाला, ऊन घासून ठेवल्यासारखे. वासंतीबाई नेहमीसारख्या पूजेला बसल्या, पण मन राजूर घाटाखाली, मोताळ्याकडच्या वावरांत हिंडत होते. पोहोचले असेल का? किती पोहोचले असेल? एखाद्याने मधूनच तोडले असेल तर कुठे तोडले असेल? त्यांनी मनातल्या मनात तो मजकूर ठिकठिकाणी मोडून पाहिला, मडके वाजवून पाहावे तसा, आणि प्रत्येक तुकड्याचा नाद तपासला. दोन मिसळली तर काम लवकर होतं... इथे तोडले तर? 'असं वाटतं' हे शब्द पुढे आहेत. गळले तर पुन्हा तेच. त्या पूजेवरून तशाच उठल्या, मलिहाला फोन लावला, आणि ते वाक्य उलटून घेतले: माणूस आधी पडतो, म्हणून लवकर होतं असं वाटलं तरी दोन मिसळू नका. "बाई, कालचं तं गेलं न आता," मलिहा म्हणाली. "त्याच्यामागे हे धाडू. आणि उद्या आणखी काही सापडलं तर तेही धाडू. हे काम एकदा करून संपणारं नाही, हे मला आता कळलंय. रोजचं आहे, सडा-रांगोळीसारखं."

दुपारी कोकिळा आली ती बोलतच आली. म्हणजे भाऊ बरा होता. तिने फोन बाईंच्या हाती दिला. तिच्या नणंदेच्या गावाहून, चिखलीकडून, कोणा अनोळखी माणसाचा निरोप फिरत फिरत तिच्याकडे आला होता. त्यावर मथळा नव्हता. पऱ्हाटीचे नाव नव्हते. तुळशीरामचे नव्हते, बाईंचे नव्हते. कोणी सगळे खुडून टाकले होते. एकच ओळ उरली होती: एका पंपात एकच औषध. आणि तिच्या शेजारी कोणीतरी हात जोडल्याचे चित्र लावले होते. वासंतीबाईंनी ती ओळ वाचली. शोधून पाहिली तरी तिच्यात त्यांचे म्हणावे असे काही नव्हते, एक स्वल्पविरामदेखील नाही. ती कोणाचीही होती, आणि एकटीच खरी होती. "तुमचं नाव कापलं मेल्यानं," कोकिळा चिडून म्हणाली. "बरं केलं," बाई म्हणाल्या, "तेवढंच हलकं झालं, लांब जाईल."

संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या. तुळशीराम उशीला टेकून बसला होता, पुष्पाबाई त्याला वरण-भात भरवीत होती. बाई खाटेपाशी उभ्या राहताच त्याने डोळे बारीक केले. "पांढरं लुगडं," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "काठ हिरवा हाय काय?" काठ निळा होता. "हिरवाच," पुष्पाबाई घाईने म्हणाली. "निळा आहे," बाई म्हणाल्या, "पण काठ दिसला ना." तुळशीराम हसला. खिडकीतून दूर, उताराच्या बाजूला, ऊन कलले होते. अशा वेळी वारा पडतो आणि फवारणारे पुन्हा पंप पाठीवर घेतात. वासंतीबाईंनी हात जोडले नाहीत, ओठही हलवले नाहीत. आतल्या आत, आप्पांच्या चालीने, आणि या वेळी सिद्धान्तापासूनच आरंभ करून, त्या म्हणाल्या: आज रानात उभे आहेत त्या सगळ्यांची नजर शाबूत राहो. वारा त्यांच्या पाठीशी असो. ज्यांना अर्ध्यावरून उठावे लागते, त्यांच्या वाट्याचे उत्तर त्यांना आधी मिळो; आणि कारणे ऐकायला ते सुखरूप परत येवोत.